मूल बोलत नाही तेव्हा

(मार्कंडा येथे महाशिवरात्रीच्या जत्रेनंतर भरलेल्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. मेळाव्याला अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि बचत गटांतल्या बाया आल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून मुलांबद्दलचे काही तपशील बदलले आहेत. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

जत्रा उठली तरी पालं अजून पुरती हललेली नाहीत, तिकडून भोंग्याचा आवाज येतोय. मागे बसलेल्यांना ऐकू आलं नाही तर हात वर करा, मी पुन्हा सांगेन.

मघाशी मी नदीवर जाऊन आले. वैनगंगा इथे उत्तरेकडे वळते म्हणून या जागेला मोठेपण आहे. देवळातली मार्कंडेयाची गोष्ट तुम्ही माझ्याहून जास्त वेळा ऐकली असेल. सोळा वर्षांचंच आयुष्य घेऊन आलेलं पोर. यम न्यायला आला तेव्हा त्यानं पिंडीला मिठी मारली. आपण ती गोष्ट शंकराच्या पराक्रमाची म्हणून ऐकतो. मुलांसोबत काम करायला लागल्यापासून मला मात्र त्यातली मिठीच दिसते. भ्यालेलं मूल हाताला लागेल ते घट्ट धरतं. माझं काम आहे ते धरायला काहीच न सापडलेल्या मुलांसोबत.

मला विषय दिलाय 'लहान मुलांसाठी थेरपी'. संयोजक ताईंनी फोनवर बजावलं होतं, की हा शब्द नको, दुसरा शोधा. मी शोधला. 'समुपदेशन' म्हटलं तर ते त्याहून जड. शेवटी एका आशाताईनं मला विचारलं, "म्हणजे गोळ्या नाही, सुई नाही, नुसतं खेळवायचं, असा दवाखाना का?" बरंचसं तसंच. पण 'नुसतं' हा शब्द तेवढा काढून टाकू.

मी आज तुम्हाला एका पोरीची गोष्ट सांगणार आहे. तिला आपण छोटी म्हणू. चार वर्षांची. तिची आई तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला गेली आणि वाघानं तिला मारलं. गेल्या काही वर्षांत नदीपलीकडून, ब्रह्मपुरीकडच्या जंगलातून वाघ आपल्या बाजूला आले, हे मी तुम्हाला सांगायला नको. मोहफुलं, तेंदूपानं, सरपण, सगळ्यांसाठी जंगलात वाकायचं बाईनंच. त्या घराला सरकारी भरपाई मिळाली. पंचनामा झाला, कागद झाले, पैसे आले. त्या कागदांवर छोटीच्या मनासाठी रकाना नव्हता.

दोन महिन्यांनी अंगणवाडीच्या ताईंनी मला निरोप पाठवला. पोरगी बोलत नाही. गादी ओली करते, जे तिनं कधीच सोडलं होतं. अंगठा चोखते. रात्री किंचाळत उठते. कुणी मोठ्यानं हाक मारली की पाटाखाली लपते. आजी म्हणाली, "वाघानं तिचा बोल नेला जी." पुजाऱ्याकडे नेऊन झालं होतं. मी त्याला नावं ठेवत नाही. त्यानं निदान एवढं तरी मानलं, की पोरीला काहीतरी झालंय. बाकी सगळे म्हणत होते, लहान आहे, विसरून जाईल.

इथे थोडं थांबते. 'लहान आहे, तिला काय कळतंय' हे वाक्य आपण सगळ्यांनी म्हटलेलं आहे, मीही. चार वर्षांच्या मुलाला मरण मोठ्यांसारखं कळत नाही हे खरं. गेलेलं माणूस परत येईल असं त्याला वाटतं, जसा बाजाराला गेलेला बाप येतो. पण कळत नाही म्हणून दुखत नाही असं नाही. उलट जास्त दुखतं, कारण ते रोज वाट बघतं. आणि आपण काय सांगतो? "माय गावाले गेली." "देवाघरी गेली." "झोपली." मग मूल गावाच्या रस्त्याकडे बघत बसतं, नाहीतर झोपायलाच भितं. छोटीला सांगितलं होतं की माय मामाच्या गावी गेली. ती रोज दुपारी एस. टी. थांब्यावर जाऊन बसायची. आजीला वाटायचं, पोरगी गाड्या बघते.

आम्ही बसायचो अंगणवाडीच्या मागच्या पडवीत, दर गुरुवारी, मुलं घरी गेल्यावर. वार तोच, वेळ तीच, चटई तीच. हे फार महत्त्वाचं आहे. ज्या मुलाचं जग एका सकाळी उलटलं त्याला आधी हे कळावं लागतं, की काही गोष्टी ठरल्याप्रमाणे होतात. खेळणी काय? बुरडाची एक टोपली. तिच्यात तान्ह्या पोळ्याचे दोन लाकडी नंदी, चिंध्यांच्या चार बाहुल्या, काडेपेट्या, शिंपले, करवंट्या, प्लास्टिकची काही जनावरं. आणि वैनगंगेची वाळू भरलेलं एक घमेलं.

घमेल्याला हसू नका. लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड नावाच्या डॉक्टरीणबाईंनी १९२८ साली मुलांसाठी दवाखाना काढला, तिथे हेच होतं. वाळूचा ट्रे आणि छोटी छोटी खेळणी. मूल वाळूत आपलं जग मांडतं, तुम्ही शेजारी बसून ते बघायचं. पुढे अमेरिकेत व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ साली या खेळ-उपचारावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की वाट मुलानं दाखवायची, मोठ्यांनी मागून चालायचं. ऐकायला सोपं वाटतं. आपल्याकडे मुलाच्या मागून चालायची सवय कुणाला आहे? आपण बोट धरून ओढत नेणारे.

मीही तेच केलं. पहिल्या गुरुवारी छोटी पाठ करून बसली. दुसऱ्या गुरुवारी तिनं वाळूला बोट लावलं. मला घाई झाली. मी विचारलं, "तुझी माय कुठे गेली गं?" ती जागच्या जागी ओली झाली आणि भिंतीकडे सरकली. पुढचे तीन गुरुवार ती पडवीची पायरीच चढली नाही. एवढं शिकून आलेल्या बाईनं केलेली ही चूक आहे, म्हणून मुद्दाम सांगते. मूल आपल्या घाईचं नसतं.

नंतर मी विचारणं सोडलं. नियम फक्त तीन ठेवले. स्वतःला मारायचं नाही, मला मारायचं नाही, टोपलीतलं घरी न्यायचं नाही. बाकी सगळं चालेल. संपायच्या पाच मिनिटं आधी सांगायचं की आता संपणार, एकदम उठवायचं नाही. आणि ती करील ते साध्या शब्दांत म्हणायचं. "काडेपेटी वाळूत गेली." "काडेपेटी वर आली." बस्स.

काडेपेटीचं खरंच तसं झालं. महिनाभर ती एकच खेळ खेळली. काडेपेटी पुरायची, वर काढायची, पुन्हा पुरायची. मला फ्रॉइडनं १९२० साली लिहिलेलं आठवलं. त्याचा दीड वर्षांचा नातू दोरी बांधलेली लाकडी रीळ पलंगाच्या आड फेकायचा, दिसेनाशी झाली की एक आवाज करायचा, मग ओढून पुन्हा समोर आणायचा. आई बाहेर जायची तेव्हा ते मूल रडायचं नाही, हा खेळ खेळायचं. जे आपल्या हातात नाही ते ते रिळेवर करून बघत होतं. फ्रॉइडच्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही, बायांबद्दल त्यानं जे लिहिलं ते तर नाहीच. पण ही रीळ मी विसरत नाही.

या दिवसांत एक काम घरात करायचं होतं. आजीला आणि बापाला मी समजावलं, की पोरीला खरं सांगा. मेली म्हणजे परत येणार नाही, हे साध्या शब्दांत सांगा, आणि सांगताना तिला मांडीवर घ्या. बाप उठूनच गेला. आजीनं सांगितलं. त्या रात्री पोरगी खूप रडली, आणि आजी माझ्यावर रागावली. पण एस. टी. थांब्यावर जाणं मात्र बंद झालं.

त्यानंतर वाघ आला. टोपलीत प्लास्टिकचा वाघ होता, त्याला तिनं हात लावला नाही. पडवीबाहेरून एक काळा दगड आणला. तोच वाघ. चिंध्यांच्या बाया वाळूत ओळीनं वाकवायची आणि दगड मागच्या बाईवर पाडायची. दर गुरुवारी तेच, त्याच क्रमानं. बघवत नसे. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "हे असं भयंकर खेळू द्यायचं का तिला?" प्रश्न बरोबर होता. धक्का बसलेली मुलं तेच ते खेळतात, आणि नुसतं पुन्हापुन्हा खेळून कधी कधी भीती कमी होत नाही, उलट रुतून बसते. तिथेच मोठ्या माणसाची गरज लागते. मी शेजारी बसून म्हणायची, "ही बाई मागे आहे. हिच्याजवळ कुणी नाही." एका गुरुवारी तिनं पाचवी बाहुली मागितली. टोपलीत चारच होत्या. मी माझा रुमाल गुंडाळून दिला. तो तिनं घराच्या जागी ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी रडली म्हणून माय मांगं रायली."

चार महिन्यांत मी ऐकलेलं तिचं पहिलं वाक्य.

त्या पहाटे ती उठून आईला बिलगली होती. आई तिला थोपटत थांबली, बाकीच्या बाया पुढे निघून गेल्या. एवढंच. आणि एवढं ओझं घेऊन ते पोर गप्प बसलं होतं, कारण बोललं तर आपण काय केलं ते सगळ्यांना कळेल. या वयाच्या मुलांना जगातलं सगळं आपल्यामुळेच होतं असं वाटतं. पाऊस आपल्यामुळे, भांडण आपल्यामुळे, मरण आपल्यामुळे. बाप आईला मारतो त्या घरातलं मूलही असंच समजतं, की मी भात सांडला म्हणून मायला मार पडला. हे ज्यांच्या घरात होतं त्यांनी मुलाला तोंडानं सांगावं लागतं, की ही तुझी चूक नाही. मुलाला आपोआप कळत नाही.

मी छोटीला म्हटलं, "तू रडलीस म्हणून माय थांबली, कारण तिला तू आवडायचीस. वाघ तुझ्या रडण्यानं आला नाही. तो जंगलात होताच." तिनं रुमाल उचलून मागच्या बाईशेजारी ठेवला. मग वेळ संपली. ती लगेच बरी झाली नाही. पुढे जवळजवळ वर्षभर आम्ही बसलो. आज ती शाळेत जाते, वर्गात हळू आवाजात बोलते, मोहाच्या दिवसांत अजून कधी गादी ओली होते.

आता एक सावधगिरी. न बोलणारं प्रत्येक मूल दुःखामुळे गप्प असतं असं नाही. काहींना ऐकूच येत नाही. काहींची वाढ उशिरा होते, काहींना स्वमग्नता असते, काहींचे स्नायू जन्मापासून ताठ असतात. म्हणून आधी कान तपासायचे, मग बाकी सगळं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, तो सुरू झाला आपल्याच राज्यात, पालघरला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायला हवं, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी अशा मुलांसाठी केंद्र हवं, जिथे वाचा-उपचार, व्यायाम-उपचार मिळतात. पथक आलं की नोंद करून पाठवून देऊ नका, पुढे काय झालं ते विचारा. लहान वयात मेंदू पटकन घडतो. तीन वर्षांचं मूल आणि नऊ वर्षांचं मूल यांत फार फरक पडतो.

पण या मुलांच्या आयांबद्दल मला जास्त बोलायचंय. पाय ताठ असलेल्या एका मुलाची आई माझ्याकडे यायची. सहा वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन दोन गाड्या बदलून. ज्या दिवशी यायची त्या दिवशीची मजुरी बुडायची. सासरचे म्हणायचे, ग्रहणात काहीतरी चिरलं असशील. तिनं मला विचारलं, "मॅडम, मी खरंच काही केलं का?" आणि मैत्रिणींनो, हे फक्त खेड्यातल्या सासरचं नाही. शिकलेल्या डॉक्टरांनीही हेच केलेलं आहे. स्वमग्नतेचं पहिलं सविस्तर वर्णन १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी केलं, आणि पुढे आयांच्या थंडपणाकडे बोट दाखवलं गेलं. १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांनी तर त्यावर पुस्तकच लिहिलं. त्याच्या तीन वर्षं आधी बर्नार्ड रिमलँड यांनी हे खोडून काढलेलं होतं. ते मानसशास्त्रज्ञ तर होतेच, पण अशा मुलाचे बापही होते. तरी कितीतरी वर्षं कितीतरी आयांना दवाखान्यात गुन्हेगारासारखं बसवलं गेलं.

जॉन बोल्बी यांचंही तसंच. मुलाला लहानपणी मायेचं माणूस लागतं, हे त्यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलं. ते खरंच आहे, छोटीकडे बघून मला ते पुन्हा पटलं. पण त्याचा उपयोग काय झाला? बाईनं कामाला जाऊ नये, असं सांगायला. मोहफुलं वेचायला न जाता छोटीच्या आईचं घर चाललं असतं का? आणि मूल एकाच मांडीवर वाढतं हेही खरं नाही. आपल्या गावांत ते आजी, काकू, शेजारीण, मोठी बहीण अशा अनेक मांड्यांवर वाढतं.

मोठी बहीण म्हटलं. आता ते सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

छोटीला दर गुरुवारी कडेवर घेऊन कोण यायचं? तिची बहीण. अकरा वर्षांची. छोटी फक्त तिच्या कानात कुजबुजायची, आणि तिचं म्हणणं जगाला सांगायची ती ही. सुरुवातीला मला तिचा फार आधार वाटला. ती पायरीवर बसायची, आणलेला भाजीपाला निवडायची, वेळ संपली की बहिणीला उचलून निघायची. मी माझ्या वहीत 'कुटुंबात सांभाळणारी व्यक्ती : बहीण' असं लिहिलं होतं. चांगल्या गोष्टींच्या रकान्यात. तिची शाळा सुटली होती हे मला पाचव्या महिन्यात कळलं, तेही अंगणवाडीच्या ताईंच्या बोलण्यात सहज आलं म्हणून. आई गेली त्या आठवड्यापासून चूल, पाणी, धुणं, बापाचा डबा सगळं तिच्याकडे. तिची आई मेली नव्हती का? ती किंचाळत नव्हती, गादी ओली करत नव्हती, सगळी कामं करत होती. शहाणी पोरगी. आपण सगळ्याजणी 'शहाणी पोरगी' म्हणून वाढलेल्या आहोत, आणि मला तरी ती दिसली नाही.

एका गुरुवारी छोटीला ताप होता. मोठी एकटीच आली, सांगायला. निरोप दिला आणि गेली नाही. टोपलीकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "मी मोठी आहे ना जी? मले नाही चालत ना खेळाले?"

तेव्हापासून गुरुवारी दोन वेळा ठरल्या. एक छोटीची, एक तिची. तिच्या वेळेला छोटीला कोण सांभाळणार, यावर घरात मोठं भांडण झालं. बापाचं म्हणणं, ही तर चांगली आहे, हिला कशाला? बचत गटातल्या दोघी जाऊन बसल्या त्याच्याकडे, तीन वेळा. मी एकटीनं जाऊन काही झालं नसतं, बाहेरची बाई मी. तिला शाळेत परत घालायलाही त्याच दोघी गेल्या. बाप आता सकाळचा भात लावतो. रोज नाही, पण लावतो.

तुम्ही मघाशी विचारत होतात, आम्ही काय करू शकतो. त्या दोघींनी केलं ते. आणि अंगणवाडीच्या ताईंनी केलं ते, पोरगी बोलत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी निरोप पाठवला. उपचार करायला शिकलेलं माणूस लागतं, ते तुमच्यावर ढकलणं बरोबर नाही, तुमच्या डोक्यावर आधीच किती रजिस्टरं आहेत ते मला माहीत आहे. पण ते माणूस गावापर्यंत यावं ही मागणी आपली आहे. ताराबाई मोडकांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला १९४५ साली बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा त्यांना दिसलं की आदिवासी मुलं शाळेपर्यंत येत नाहीत. मग शाळाच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढे १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली, ती त्याच नावानं आज गावोगाव आहे. शिकवणं अंगणात येऊ शकतं तर खेळाची टोपली का नाही? आणि ज्या आईला मुलाला घेऊन जिल्ह्याला जावंच लागतं, तिचं गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी मिळाली पाहिजे. पुढच्या ग्रामसभेत हे दोन ठराव लिहून द्या, मसुदा मी आणलाय, जाताना घ्या. तोवर दोन फोन नंबर पाठ करा. मुलांसाठी १०९८, मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६.

मोठीचा पहिला तास सांगते आणि थांबते. तिनं वाळूत चूल मांडली. करवंटीची गुंडी, शिंपल्यांच्या ताटल्या, सगळं बरोबर ओळीत, अगदी पोतेरं केल्यासारखी वाळू सारखी केली. मला वाटलं आता बाहुल्या आणून जेवायला बसवील. तिनं बाहुल्या घेतल्या नाहीत. बराच वेळ बघत बसली. मग दोन्ही तळव्यांनी चूल, ताटल्या सगळं मोडून वाळू सपाट केली, माझ्याकडे बघितलं आणि हसली. म्हणाली, "आज सयपाक नाही."

बरं, आता तुम्ही बोला. मागच्या ताईंनी मघापासून हात वर केलाय, त्यांच्यापासून सुरू करू.